सकाळचं पाणी

माती मी पिठाच्या चाळणीने चाळून घेतली, यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. सगळा जन्म बेकरीत गेला. न चाळलेल्या पिठाला मी कधी हात लावला नाही, मग मातीला का लावू? मागच्या अंगणात फतकल मारून बसलो, ढेकळं फोडली, खडे वेचले, माती चाळली, पाणी शिंपडून चांगली मळली आणि वाफ्यात थापून हाताने गुळगुळीत केली. बिया टोचल्या. वर ओलं फडकं झाकलं आणि फुगायची वाट बघत बसलो.

माती फुगली नाही. उन्हाने तिचा असा काही दगड झाला की बी आतल्या आत घुसमटून मेलं असणार. सून संध्याकाळी दवाखान्यातून आली, फडकं उचललं, बोटाने वाफ्यावर टकटक करून पाहिलं, आणि तिथेच खाली बसून हसत सुटली.

"बाबा, ही बाग आहे की तुमचा पाव?"

"पाव असता तर एव्हाना विकला गेला असता," मी म्हटलं.

माझी अशी थट्टा दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला उभा सोलला असता. पण ती हसत होती. माझा मुलगा गेल्यापासून तिला पोट धरून हसताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी तिला हसू दिलं.

बाग ही तिचीच टूम. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा मी बेकरीचं शटर खाली ओढलं आणि घरी बसलो. त्यानंतर या हातांचं काय करावं तेच कळेना. पहाटे भट्टी पेटवायच्या वेळेला जाग यायची आणि पेटवायला काही नसायचं. टीव्हीसमोर बसलो की मांडीवरची उशीच मळायला लागायचो. एकदा दूध उतू गेलं, एकदा किल्ली बाहेरून दाराला लटकत राहिली. मग सून माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात ती नजर तपासते, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. माझ्याकडे बघतानाही तिची मान तशीच किंचित तिरकी व्हायची. मग एक दिवस तिने टोमॅटो, घेवडा, काकडी आणि मुळ्याच्या बियांच्या पुड्या माझ्यापुढे टाकल्या. "उशीला जरा आराम द्या," म्हणाली.

घरात आम्ही दोघंच. ज्याच्यामुळे आमचं नातं जुळलं तोच मधून उठून गेला, आणि आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलेलो तसेच बसून राहिलो. तिने माहेरी जावं असं तिच्या माणसांनी सुचवून पाहिलं होतं. ती गेली नाही. का नाही गेलीस, असं मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

विचारायची आमच्या घरात पद्धतच नाही. मुलगा होता तेव्हा त्याच्या जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे सगळ्या गोष्टी बोलल्या जायच्या. तो गेल्यावर आम्हा दोघांना एक खोड जडली. समोरच्याचं काही चुकलं तर तोंडावर सांगायचं नाही, गुपचूप निस्तरून टाकायचं. माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण सकाळी आपोआप लागलेलं असायचं. तिच्या सायकलच्या चाकात हवा मी भरायचो, पण तिच्यादेखत कधी नाही. सगळ्यात मजा मिठाची. सकाळी निघायच्या घाईत ती भाजी फोडणीला टाकायची आणि पुढचं मी बघायचो. तिने मीठ घातलेलं असायचं. ही घाईत विसरली असणार, असं म्हणून मीही घालायचो. कितीतरी दिवस आम्ही खारट भाजी मुकाट्याने गिळत होतो आणि वर "छान झालीय" म्हणत होतो. मग कधीतरी भाजी बरोबर व्हायला लागली. मी माझं मीठ अर्ध्यावर आणलं होतं. तिनेही तेच केलं असणार. या विषयावर आमचं आजतागायत एक अक्षर बोलणं झालेलं नाही.

तर बाग. दुसऱ्या खेपेला मी माती तिच्या मर्जीने राहू दिली, खड्यांसकट, ढेकळांसकट. मला ते बघवत नव्हतं. उकिरड्यासारखी दिसत होती. पण एका पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर मुळ्याच्या ओळीत बारीक बारीक हिरवे कान बाहेर आलेले. गुडघ्याचं दुखणं विसरून मी खाली बसलो. पाव फुगताना रोज पाहिलाय, पण तो मी फुगवायचो. पीठ माझं, खमीर माझं, आग माझी. हे माझी पाठ वळल्यावर आपलं आपण वर आलं होतं. मला कोणी काही विचारलंच नव्हतं. आता कशाला खोटं बोलू, डोळ्यात पाणी आलं.

त्या दिवसापासून मी बागेचा नोकर झालो. पुडीवर छापलं होतं, सकाळी पाणी द्यावे. मी उजाडायच्या आत देत होतो. बेकरीतली जुनी पत्र्याची झारी होती, भट्टीत वाफ करायला तिने पाणी मारायचो, तीच काढली. पाणी घालताना कंजुषी करायची नाही हे भट्टीने शिकवलेलं. पाणी कमी पडलं की पाव फुटतो. कधी मातीत बोट घातलं तर ती आधीच ओली लागायची. दव पडलं असेल म्हणायचं आणि झारी रिकामी करायची. सून उठून स्वयंपाकघरात आली की खिडकीतून विचारायची, "बाबा, पाणी झालं?" मी म्हणायचो, "झालं." मग ती सायकल काढायची.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये बसतो. सलूनवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. गिऱ्हाईक असलं तर त्याच्या डोक्यावर बोलतो, नसलं तर माझं डोकं खातो. त्याच्यापुढे मी बागेची भरपूर शेखी मिरवली. घेवडा दोरीला चढला तेव्हा तर मी असा काही बोललो असेन की जणू माझा नातूच झाडावर चढलाय.

"पाववाल्या, पुरे कर," तो कात्री आपटत म्हणाला. "या माणसाची दाढी राहिलीय आणि मी तुझ्या शेंगा मोजतोय."

आणि मग, सगळं असं छान चाललेलं असताना, झाडांनी माना टाकल्या. मुळे तेवढे वेळेवर निघाले म्हणून वाचले. बाकीच्यांची खालची पानं आधी पिवळी पडली, मग मधली. टोमॅटोची खोडं मऊ लागायला लागली. काकडीचा एक वेल उपटून पाहिला तर मुळं काळपट, चिकट, वास मारणारी. मी घाबरलो. घाबरलो की मी एकच गोष्ट करतो, जे करतोय तेच जास्त करतो. पूर्वी एक झारी घालायचो, आता दोन घालायला लागलो. पानं आणखी पिवळी पडली.

एका सुट्टीच्या दिवशी घेवड्याच्या मांडवामागे बसून मी दोऱ्या बांधत होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि सून फोनवर तिच्या मैत्रिणीशी बोलत होती. मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. खोकायला हवं होतं. खोकलो नाही.

"नाही गं, अजून कळवलं नाही," ती म्हणत होती. "परगावच्या त्या दवाखान्याने जागा धरून ठेवलीय, पण किती दिवस ठेवतील? लहान मुलांचा अख्खा विभाग माझ्या हाताखाली देतायत. असं परत कोण विचारणार मला?" मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. "जायचंय गं. खूप जायचंय. या घरात मी म्हातारी होईन अशी भीती वाटते मला. पण यांना एकटं टाकून कशी जाऊ? मी मनाशी ठरवलंय, बाग लागली तर जायचं. सांभाळायला काहीतरी असलं म्हणजे ते स्वतःलाही सांभाळतील. नाही लागली तर नाही म्हणून कळवून टाकते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "लक्षण काही बरं दिसत नाही. पिवळी पडलीत सगळी."

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. आधी राग आला. म्हणजे मी काय, कुंडीतलं झाड, की लागलं का बघायचं आणि निघायचं? राग ओसरला तेव्हा खाली नुसती भीती उरली. संध्याकाळी मी सलूनमधून येतो तेव्हा अंगणात तिची सायकल दिसते. सायकल दिसली की मी चपला जरा मोठ्याने काढतो, आणि आतून "आलात?" असं ऐकू येतं. दिवसभरात मला लागतं ते एवढंच. तेच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत गेलो आणि झारी उचलली नाही.

नीट ठरवून केलं, उगाच दुसऱ्या कोणावर कशाला ढकलू? झाडं मरतच होती, मी फक्त मध्ये पडणार नव्हतो, एवढं मनाला समजावलं. नळाजवळ पाव ठेवायचा एक जुना क्रेट पालथा पडलेला असतो. त्याच्यावर बसलो, उजाडेपर्यंत बसून राहिलो. खिडकीतून आवाज आला, "बाबा, पाणी झालं?" मी म्हटलं, "झालं." ती सायकल घेऊन गेली. मला वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली नाही. भूक मात्र चांगली लागली.

रोज तसंच. मी जाऊन बसायचो, काही करायचो नाही, आणि "झालं" म्हणायचो. ऊन तर असं तापत होतं की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. म्हटलं, आठवडाभराचा खेळ आहे.

झाडांनी ऐकलं नाही. आधी पिवळी पानं गळून पडली, ते ठीक. पण त्यांच्या जागी नवी आली, गडद हिरवी, तुकतुकीत. टोमॅटोची खोडं ताठ झाली. घेवडा मांडव ओलांडून पलीकडच्या भिंतीवर गेला आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेला. काकडीचा वेल तर बेशरमच, तो माझ्या क्रेटपर्यंत आला. मी पाणी घालत होतो तेव्हा मरायला टेकलेली झाडं मी पाणी तोडल्यावर बाळसं धरत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझी नजर लागत होती," सलूनवाला म्हणाला. मी पाणी बंद केल्याचं त्याला सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. "आता लक्ष काढून घेतलंस, तर बघ कशी मोकळी झाली."

"पाण्यावाचून झाड जगतं का रे?"

"माझ्या दुकानात ये-जा करणारी निम्मी माणसं कशावर जगतात ते मला ठाऊक नाही. तू झाडांचं काय विचारतोस?"

उत्तर मला त्याच आठवड्यात मिळालं. संध्याकाळी सलूनमधली वीज गेली, त्याने वैतागून दुकान बंद केलं आणि मी रोजच्यापेक्षा लवकर घरी निघालो. बाजूच्या बोळातून मागच्या फाटकाशी आलो तर आत पाण्याचा आवाज. फाटकाच्या फटीतून पाहिलं. सून वाफ्यात उकिडवी बसली होती. दवाखान्याचे कपडे अंगावर, पर्स खांद्याला तशीच, बाजूला न्हाणीघरातली बादली. मगातलं पाणी ती सरळ ओतत नव्हती. दुसऱ्या हाताची ओंजळ बुंध्याशी धरून बोटांच्या फटींतून हळूहळू सोडत होती, माती वाहून मुळं उघडी पडू नयेत म्हणून. एक झाड झालं की तशीच बसल्या बसल्या पुढे सरकत होती. दिवसभर उभी राहणारी बाई, मध्येच कंबर धरून थांबली आणि पुन्हा सरकली.

बादलीने मातीत पडलेला गोल खड्डा खोल होता. एका दिवसाचा नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबा पाणी घालायला विसरत असतील, असं तिला वाटलं होतं, आणि म्हणून ती पहिल्यापासून रोज संध्याकाळी घालत होती. मला न सांगता. मी सकाळी ओतत होतो, ती संध्याकाळी. पुन्हा ते भाजीतलं मीठ. दोघांनी मिळून आम्ही बाग बुडवत होतो, आणि मी दुष्टपणा केला तेव्हा कुठे बिचारी श्वास घ्यायला वर आली.

मी आत गेलो नाही. बोळातून उलटा फिरलो आणि बंद सलूनच्या पायरीवर जाऊन बसलो. ती हे स्वतःच्या सुटकेसाठी करत होती, की मला धीर यावा म्हणून? खूप विचार केला. तिला तरी ठाऊक असेल का, कोण जाणे. ती ओंजळ डोळ्यांपुढून हलेना. सुटकेची घाई असलेलं माणूस इतक्या सावकाश पाणी घालत नाही, असंही वाटलं. आणि ज्याला जायचंच नाही ते इतकं दमून रोज घालत नाही, असंही वाटलं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. मी क्रेटवर बसलो होतो आणि झारी नळाखाली होती. आता मला सगळं माहीत होतं. बाग कशाने मरते हेही माहीत होतं. फक्त पुन्हा पाणी घालायला लागायचं. रोज सकाळी, भरपूर, मन लावून. कोणी मला बोल लावू शकलं नसतं. पंधरवड्यात मुळं सडली असती, सून "नाही" म्हणून कळवून मोकळी झाली असती, आणि वर मलाच म्हणाली असती, बाबा, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, वाईट वाटून घेऊ नका. बाग मारायला मला नुसतं माया केल्याचं सोंग पुरलं असतं.

मी उठलो. झारीला हात घातला. तिच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, व्यवस्थित. बरेच दिवस कोणी त्रास दिलेला नव्हता, त्याचा संसार छान चालला होता. मी तसाच वाकून उभा राहिलो. गुडघे कुरकुरायला लागले. त्या मुलीने माझ्या घरात कितीतरी वर्षं काढली होती, आणि मी तिला एक वाक्य कधी म्हटलं नव्हतं, की तुला हवं तिथे जा. मला वाटायचं, न बोलून मी तिला मोकळीक दिलीय. तिला ती मोकळीक कुठून दिसणार? झारी मी होती तिथे ठेवली.

"बाबा, पाणी झालं?"

"झालं," मी म्हटलं. पहिल्यांदा ते म्हणताना लाज वाटली.

पहिला टोमॅटो लाल झाला तेव्हा सून तो तोडेना. मीच तोडावा असा तिचा हट्ट. दोघं वाफ्यात उभे होतो, सुट्टीचा दिवस होता, सकाळ अजून गार होती. टोमॅटो हातात जड लागला, रात्रीचा गारवा धरलेला. मी तो तिच्या हातात ठेवला.

"तुम्ही लावलीत बरं का बाग," ती म्हणाली. "मला खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं."

आता खरं सांगितलं असतं तर ती राहिली असती. मी विसरत नव्हतो, मी टाकून दिली होती, तूच जगवलीस. एवढं म्हणायचा अवकाश. तोंडापर्यंत आलं होतं.

"जन्मभर पाव फुगवले," मी म्हटलं. "टोमॅटो फुगवायला काय अक्कल लागते? आता हे झालं. तू कधी निघतेस ते सांग."

"कुठे?"

"लहान मुलांचे डोळे तपासायला. जागा धरून ठेवलीय ना त्यांनी?"

तिचा चेहरा पडला. टोमॅटो ओढणीत गुंडाळत ती खाली क्रेटवर बसली. "तुम्ही ऐकलंत."

"घेवड्यामागे होतो. तुम्ही लोक फोनवर ओरडून बोलता, त्याला मी काय करू?"

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते. बाग जरा..."

"लागली की. लागली ना? मग लाव आता फोन."

हातांना काहीतरी हवं म्हणून तिने खाली वाकून नळाजवळची झारी उचलली, आणि उचलल्यावर थांबली. जाळं होतंच. त्यात आता एक माशीही अडकून वाळलेली होती. नजर तपासणाऱ्या बाईपुढे मी ती झारी ठेवायला नको होती. तिने जाळ्याकडे पाहिलं. मग मान तिरकी करून माझ्याकडे.

"सकाळी पाणी घालत होतात?"

"घालत होतो."

"हिने?"

"हिनेच."

"मी संध्याकाळी घालत होते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही विसरत असाल असं वाटलं."

"माहीत आहे. फाटकातून पाहिलं एकदा."

"म्हणजे सुरुवातीला आपण दोघंही..." तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. "म्हणून पिवळी पडली होती. अहो, भाजीतलं मीठ." हा विषय घरात पहिल्यांदा निघाला, तो असा. मीही हसलो. पण तिचं हसणं मध्येच थांबलं, कारण पुढचा हिशेब तिला लागला होता. तो तिला लागू नये असं मला वाटत होतं.

"तुम्ही बंद कधी केलंत, बाबा?"

मी टोमॅटोच्या झाडाची एक वाळकी काडी मोडली. ती मोडायची काही गरज नव्हती.

"तो फोन ऐकल्यावर," तीच म्हणाली. "मी जाऊ नये म्हणून."

ती रागावेल याची मी वाट बघत होतो. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग मी घालतेय हे कळल्यावर पुन्हा सुरू का नाही केलंत?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "दोघांनी घातलं असतं तर सगळी मेली असती. मी गेले नसते."

"म्हणूनच नाही केलं," मी म्हटलं.

ती रडली. मुलगा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती आणि मी तिच्यासमोर. आता तिच्या मांडीवर तो टोमॅटो, हातात झारी, आणि ती रडत होती, आणि मी शेजारी उभा होतो. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही ते मला ठरवता येईना. शेवटी ठेवला. पीठ मळून मळून राठ झालेला हात, तिचे केस त्यात अडकले.

थोड्या वेळाने तिने ओढणीने नाक पुसलं, बोट घालून झारीतलं जाळं काढलं, नळाखाली झारी धरून भरली आणि माझ्यापुढे केली.

"घाला," म्हणाली. "मी बघते."

मी घालायला लागलो. पहिल्याच झाडाशी ती म्हणाली, "एवढ्या जोरात नाही." मग उठून आली, माझा डावा हात धरून त्याची ओंजळ केली आणि बुंध्याशी टेकवली. बोटांच्या फटींतून पाणी जायला लागलं. ती शेवटच्या झाडापर्यंत माझ्याबरोबर आली.

काकड्या काढणीला आल्या त्या आठवड्यात ती गेली. निरोपाच्या वेळी आम्ही दोघंही बागेबद्दलच बोलत होतो. सायकल ती मागे ठेवून गेलीय. मी तिच्या चाकात हवा भरून ठेवतो. आता पाणी मी संध्याकाळी घालतो, ती घालायची त्या वेळेला, आणि मगच सलूनमध्ये जातो. तिचा फोन येतो. "पाणी झालं?" असं ती अजून विचारते. मी "झालं" म्हणतो, आणि हल्ली ते खरं असतं.

ती गेली त्या दिवशी घेवड्याच्या शेंगा तोडून मी पहिल्यांदा एकट्यापुरती भाजी केली. अंगणातल्या शेंगा, कोवळ्या, निगुतीने निवडलेल्या. रोजच्या हाताने मीठ घातलं आणि पानात वाढून घेतली. पहिल्या घासालाच थांबलो. अळणी होती. मला वाटलं, मीठ विसरलो की काय, आता खरंच विसरायला लागलो. मग लक्षात आलं. मी घातलं होतं ते अर्धंच होतं. उठलो, डबा उघडला, तिच्या वाटचं मीठ घातलं आणि जेवलो.